सल्ल्याविरुद्ध घेतलेली रजा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला जातो तो बहुधा लसीकरणावर, नाहीतर मुलांच्या न जेवण्यावर. यंदा संपादकांनी विषयाची मोकळीक दिली आणि मी अमेरिकेने पॅरिस हवामान करारातून घेतलेल्या माघारीविषयी लिहायचे ठरवले. हे कळल्यावर दोन-तीन समव्यवसायी मित्रांनी हसून विचारले, "बालरोगतज्ज्ञाने वॉशिंग्टनच्या राजकारणात कशाला पडावे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्यापुरते एका जुन्या केसपेपरात दडलेले आहे. म्हणून आरंभ तिथूनच करतो.

१९९६ सालची गोष्ट. मी एम. डी.च्या दुसऱ्या वर्षात होतो. दिवाळी नुकतीच उलटली होती. पंचमहालाकडच्या एका खेड्यातून चौदा महिन्यांची एक मुलगी न्यूमोनियाने आमच्या वॉर्डात दाखल झाली. प्राणवायू, सलाईन, इंजेक्शने असे सारे सुरू झाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मुलगी आजोबांचे बोट धरून हसू लागली आणि आजोबांनी घरी जायचा धोशा लावला. मुलीचा बाप मजुरीसाठी सुरतेला गेलेला, शेतात कापूस वेचणीला आलेला. औषधांचा क्रम पुरा झालेला नाही, छातीच्या फोटोत डाग अजून तसाच आहे, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. त्यांचे म्हणणे एकच होते, "साहेब, पोरगी आता बरी दिसते आणि इथला रोजचा खर्च आम्हाला झेपत नाही." अखेर मी तो कागद पुढे केला. आम्ही डॉक्टर त्याला 'डामा' म्हणतो; वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेली रजा. आजोबांनी अंगठा उमटवला आणि मुलीला खांद्यावर घेऊन ते निघून गेले.

त्या क्षणी मला काय वाटले ते जवळजवळ तीस वर्षांनी कबूल करतो. मला हायसे वाटले. कागद आमच्या बाजूने होता.

सहाव्या दिवशी मध्यरात्री ती मुलगी परत आली. छातीत पू झाला होता, श्वास लागला होता, ओठ निळसर पडले होते. मी आजोबांवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात आमचे सर तिथे आले. त्यांनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, "अंगठा कोणाचा आहे कागदावर? आणि आजारी कोण आहे?" त्यापुढे ते काही बोलले नाहीत. आम्ही छातीत नळी घातली. मुलगी महिनाभर राहिली आणि वाचली. आजोबांना जो खर्च झेपत नव्हता, त्याच्या कैकपट खर्च झाला.

बाकीच्या सर्व शाखांत सल्ला नाकारण्याचा हक्क रुग्णाचा स्वतःचा असतो. पन्नाशीचा गृहस्थ बायपास नाकारतो तेव्हा धोकाही त्याचा असतो आणि सहीही त्याचीच. आमच्या शाखेत मात्र सही करणारा एक आणि परिणाम भोगणारा दुसरा, अशी कायमची फारकत आहे. अमेरिकेच्या माघारीकडे मी याच नजरेने पाहतो. राष्ट्रप्रमुख वयाच्या सत्तरीत-ऐंशीत सही करतात. त्या सहीचा हिशेब २०६० साली आज पाळण्यात असलेली मुले चुकवणार आहेत.

आधी घटनाक्रम नीट समजून घेऊ. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक मूळ आराखडा करार झाला. थोरले जॉर्ज बुश तेव्हा अध्यक्ष होते आणि अमेरिकेच्या सिनेटने त्याला त्याच वर्षी संमती दिली. १९९७च्या क्योटो करारात फक्त श्रीमंत देशांवर उत्सर्जन कमी करण्याचे बंधन होते. त्या वर्षीच्या जुलैत, म्हणजे क्योटोची बैठक भरण्यापूर्वीच, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव करून बजावले होते की, विकसनशील देशांवर बंधन नसलेला असा करार आम्हाला मान्य होणार नाही. क्लिंटन सरकारने करारावर सही केली, पण तो सिनेटपुढे कधी ठेवलाच नाही. २००१ मध्ये धाकट्या बुश यांनी त्याकडे पाठ फिरवली.

कॅनडाची तऱ्हा आणखी निराळी. त्याने क्योटो करार रीतसर स्वीकारला होता. १९९०च्या तुलनेत उत्सर्जन ६ टक्क्यांनी घटवायचे वचन होते. प्रत्यक्षात ते बरेच वाढले. मुदत संपायला वर्षच उरले असताना, डिसेंबर २०११ मध्ये, कॅनडाने माघारीची घोषणा केली. वचन पाळायचे तर सुमारे १४ अब्ज डॉलर मोजावे लागतील, हे कारण त्यांच्या मंत्र्यांनी पुढे केले. साखरेचा रिपोर्ट वाईट येणार हे ओळखून रुग्णाने प्रयोगशाळेत जाणेच सोडावे, तसा हा प्रकार होता.

क्योटोच्या अनुभवातून शहाणे होऊन २०१५ मध्ये पॅरिस करार झाला. तापमानवाढ औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत २ अंशांच्या बरीच खाली ठेवावी आणि ती १.५ अंशावर रोखण्याचा प्रयत्न करावा, हे त्याचे ध्येय. प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच ठरवायचे, दर पाच वर्षांनी ते वाढवायचे आणि सर्वांनी मिळून प्रगतीचा आढावा घ्यायचा. उद्दिष्ट हुकले तरी दंड नाही. आम्ही बाळाच्या वाढीचा तक्ता आईच्या हाती देतो आणि दर महिन्याला वजन करायला बोलावतो, तशीच ही रचना आहे. वजन वाढले नाही म्हणून आईला कोणी शिक्षा करीत नाही. पण तक्त्यावरची रेषा सपाट झाली की ती सर्वांना दिसते. या वेळी चीन, भारत, ब्राझील सारे आत होते. १९९७चा सिनेटचा आक्षेप असा दूर झाला होता, हे विसरता कामा नये.

तरीही १ जून २०१७ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी माघारीची घोषणा केली. आपण पिट्सबर्गच्या नागरिकांचे प्रतिनिधी आहोत, पॅरिसच्या नव्हे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. गंमत अशी की, पिट्सबर्गच्या महापौरांनीच लगेच आपले शहर पॅरिसच्या वाटेने चालेल असे जाहीर केले. करारातील अटीनुसार तीन वर्षे नोटीस देता येत नव्हती आणि नोटिशीनंतर एक वर्ष थांबावे लागत होते. त्यामुळे ती माघार ४ नोव्हेंबर २०२० रोजी अमलात आली. अध्यक्ष बायडेन यांनी पदग्रहणाच्या दिवशीच परतीचे पत्र पाठवले आणि १९ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिका पुन्हा आत आली. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा सही केली आणि २७ जानेवारी २०२६ रोजी अमेरिका पुन्हा बाहेर पडली. करार न स्वीकारलेल्या इराण, लिबिया आणि येमेन यांच्या पंक्तीत त्या दिवशी जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्र जाऊन बसले. त्याआधी, ७ जानेवारी २०२६ रोजी, आणखी ६६ आंतरराष्ट्रीय संस्थांतून बाहेर पडण्याचा आदेश निघाला होता. त्यात १९९२चा मूळ आराखडा करार आहे आणि हवामानाच्या शास्त्राचा आढावा घेणारे आयपीसीसी हे मंडळही आहे.

आपण डॉक्टर मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २० जानेवारी २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावरही सही झाली. एकाच दिवशी, एकाच लेखणीने, हवामान आणि आरोग्य दोन्ही सुटले. तो योगायोग मला वाटत नाही. एका देशाच्या सीमेवर थांबत नाहीत अशा गोष्टींविषयी एकत्र बसायचेच नाही, हा विचार दोन्हींच्या मुळाशी आहे.

आता आजोबांची बाजू ऐकू. डामा घेणाऱ्याला मूर्ख ठरवणे सोपे असते, पण त्याचे कारण ऐकल्याशिवाय पुढचा उपचार होत नाही, हे मला सरांनी शिकवले. वेस्ट व्हर्जिनियातील ज्या गावाचे तीन पिढ्यांचे पोट कोळशाच्या खाणीवर चालले, त्याला पॅरिसचा करार म्हणजे आपल्या चुलीवर ओतलेले पाणी वाटणे स्वाभाविक आहे. आज जगात सर्वाधिक कार्बन डायऑक्साइड चीन सोडतो, अमेरिकेच्या दुपटीहून अधिक, हेही खरेच आहे. मग आम्हीच का भोगावे, असा प्रश्न तिथल्या मतदाराला पडतो.

पण आजोबा आणि अमेरिका यांच्यात एक मोठा फरक आहे. आजोबांच्या खिशात खरोखरच पैसे नव्हते आणि नातीचा न्यूमोनिया त्यांनी आणलेला नव्हता. औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आजही तिथला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपल्याकडचा सुमारे २ टन. गरीब देशांच्या मदतीसाठी उभारलेल्या हरित हवामान निधीला ओबामा सरकारने ३ अब्ज डॉलर कबूल केले होते. जानेवारी २०१७ पर्यंत दिले १ अब्ज आणि पुढचा हप्ता ट्रम्प यांनी थांबवला. ज्याला झेपत नाही त्याची माघार आणि ज्याला झेपते पण द्यायचे नाही त्याची माघार, या दोन्हींना एकच शब्द वापरणे मला जड जाते.

हे करार म्हणजे नुसती कागदी घोडी, काम काही होत नाही, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना मी माझ्या टेबलावरचा पंप दाखवतो. दम्याच्या मुलांना आम्ही जो पंप देतो, त्यात पूर्वी औषध फवारण्यासाठी सीएफसी वायू असे. हाच वायू ओझोनचे आवरण विरळ करीत होता. १९८७ मध्ये मॉन्ट्रिअल करार झाला. रेगन यांच्या अमेरिकेने त्यात पुढाकार घेतला आणि १९८८ मध्ये सिनेटने ८३ विरुद्ध ० मतांनी त्याला संमती दिली. गरीब देशांनी खर्चाचा प्रश्न काढला, तेव्हा १९९०च्या लंडन बैठकीत त्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले. भारत सुरुवातीला बाहेर होता. निधीची तजवीज झाल्यावर १९९२ मध्ये तो आत आला. कारखान्यांनी नवे वायू शोधले, औषध कंपन्यांनी पंप बदलले. आपल्या ओपीडीतले पंप सीएफसीचे एचएफएचे केव्हा झाले, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातही आले नसेल. एकाही मुलाचा दमा त्यापायी बळावला नाही आणि ओझोनचे आवरण हळूहळू सावरते आहे. पैसा, शास्त्र आणि सर्वांची हजेरी या तीन गोष्टी जुळल्या की करार यशस्वी होतो, याचा हा पुरावा आपण रोज हाताळतो.

त्या यशाला एक शेपूटही आहे आणि तेही सांगितले पाहिजे. नव्या पंपातला वायू ओझोनला निरुपद्रवी असला, तरी उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्याच करारात दुरुस्ती झाली आणि हे वायूही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. एका औषधाचा दुष्परिणाम दिसला तर आपण उपचार सोडत नाही, औषध बदलतो. पॅरिस करारात त्रुटी नाहीत असे माझे म्हणणे नाहीच. उद्दिष्टे अपुरी आहेत, निधी तुटपुंजा आहे. जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी अधिक तापलेले होते. म्हणजे एका वर्षापुरती तरी ती रेषा ओलांडली गेली. औषधाची मात्रा कमी पडते आहे हे उघड आहे. म्हणून दवाखाना सोडावा का?

इथवर मी अमेरिकेविषयी बोललो. पण हा लेख लिहायला बसलो तो दुसऱ्याच कारणाने. गेल्या उन्हाळ्यात एका स्नेहभोजनात हा विषय निघाला आणि एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, "ज्यांनी पसारा केला तेच उठून गेले, आता आपण कशाला झाडू हाती घ्यायचा?" टेबलावरच्या बहुतेकांनी मान डोलावली. मीही क्षणभर डोलावली. मग त्या रात्रीचे हायसे वाटणे मला आठवले. दुसऱ्याचा अंगठा असलेला कागद हाती आला की आपली जबाबदारी संपल्यासारखी वाटते. अमेरिकेच्या माघारीने हवेत किती टन अधिक जातील, याचा हिशेब तज्ज्ञ करोत. तिने दीडशे-पावणेदोनशे देशांच्या हाती हा सोयीचा कागद दिला, हे नुकसान मला मोठे वाटते.

पहिल्या माघारीच्या वेळी, २०१७ ते २०२१ या काळात, एकाही देशाने अमेरिकेच्या पाठोपाठ करार सोडला नव्हता, ही समाधानाची गोष्ट. आपल्या देशाने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीला, पॅरिस करार स्वीकारला. २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. न्यायाच्या दृष्टीने आपली बाजू भक्कम आहे आणि ती आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर ठासून मांडलीच पाहिजे. मात्र उन्हाला न्याय-अन्याय कळत नाही. ते चौदा टनवाल्या घराला सोडीत नाही आणि दोन टनवाल्यालाही सोडीत नाही; उलट दुसऱ्याच्या घरावर पत्रा असतो म्हणून त्याला अधिक भाजते.

हे आपल्या शेजारीच घडलेले आहे. २१ मे २०१० रोजी अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात नेहमीच्या मानाने तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसून आले. त्याच उन्हाळ्यात तिथल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात नवजात अर्भके तापाने फणफणून अतिदक्षता विभागात येऊ लागली. जंतुसंसर्ग सापडेना. तेव्हा लक्षात आले की, प्रसूती विभाग इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली आहे. विभाग खालच्या मजल्यावर हलवला आणि उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. तान्ह्या बाळाचे शरीर वजनाच्या मानाने पसरट असते, त्याला घाम पुरेसा येत नाही, तहान लागली हे त्याला सांगता येत नाही आणि दुपट्यातून हात-पाय बाहेर काढणे त्याच्या हाती नसते. हे आपण सारे शिकलेलो आहोत. तरी गच्चीखालचा वॉर्ड कोणाच्या डोळ्यांत खुपला नव्हता. २०१३ मध्ये अहमदाबादने दक्षिण आशियातील पहिला उष्णताविरोधी कृती आराखडा तयार केला, त्याच्या मागे २०१०ची ही होरपळ होती.

आपले बडोदेही याला अपवाद नाही. ३१ जुलै २०१९ रोजी चोवीस तासांत सुमारे २० इंच पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने पुन्हा शहर पाण्याखाली घेतले आणि मगरी अंगणात आल्या. या प्रत्येक पुराचा सारा दोष हवामान बदलाच्या माथी मारणे अशास्त्रीय ठरेल; नदीच्या पात्रात आपण काय काय बांधले हेही तपासावे लागेल. परंतु पूर ओसरल्यानंतरच्या पंधरवड्यात माझ्या ओपीडीत जुलाबाची, तापाची, अंगावर पुरळ उठलेली मुले किती होती, हे मी मोजत बसलो नाही तरी मला ठाऊक आहे.

अमेरिकेतली एक घटना मला इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती माघारीइतकीच अमेरिकेची आहे. २०२० मध्ये मोंटाना राज्यातल्या सोळा मुलांनी आपल्या राज्य सरकारवर दावा लावला. सर्वांत लहान वादी तेव्हा अवघा दोन वर्षांचा होता. निरोगी पर्यावरणाचा हक्क राज्यघटनेने आम्हाला दिला आहे आणि हवामानाचा विचार न करता खनिज इंधनांना परवाने देऊन सरकार तो हिरावून घेत आहे, असे त्यांचे म्हणणे. सुनावणीत एका बालरोगतज्ज्ञाची साक्ष झाली. वणव्याचा धूर आणि उष्णता मुलांच्या शरीरावर काय करतात, हे न्यायालयाने ऐकून घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. सहीचा अधिकार नसलेल्या रुग्णाने केसपेपर मागून घेतला आणि आमच्याच शाखेतला एक माणूस त्याच्या शेजारी उभा राहिला, हे वाचून मला फार बरे वाटले. समव्यवसायी मित्रांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. या राजकारणात बालरोगतज्ज्ञ पडला नाही, तर त्यात मुलांचा कोणी उरत नाही.

ज्या गावात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो, ते गाव वसवणाऱ्यांची दृष्टी याहून लांबची होती. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचा तलाव बांधवून घेतला. पुढच्या पिढ्यांसाठी केलेल्या त्या खर्चाचे पाणी शहर आजही पिते आहे. ज्यांच्यासाठी त्यांनी तो बांधला, त्यांच्यापैकी बहुतेक तेव्हा जन्माला यायचे होते. आपले पणजोबा-खापरपणजोबा ज्यांच्या चाकरीसाठी इथे आले, त्या राज्यकर्त्याची ही शिकवण आपल्या मंडळाला परकी वाटू नये.

म्हणून मंडळापुढे तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, आपल्या सभासदांच्या जेवढ्या रुग्णालयांत नवजात बालकांचा किंवा बाळंतिणींचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, त्यांची यादी करावी आणि येत्या उन्हाळ्यापूर्वी तो खाली आणावा. जमत नसेल तर निदान गच्चीला पांढरा चुना लावावा. दुसरी, भूलतज्ज्ञ सभासदांनी डेस्फ्लुरेनचा वापर तपासून पाहावा. स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो थांबवला आणि त्यावाचून तिथल्या शस्त्रक्रिया अडल्या नाहीत. दम्याच्या मोठ्या मुलांना जमत असेल तर कोरड्या पावडरीचे साधन द्यावे; लहानग्यांचा पंप मात्र हवामानाच्या नावाखाली कोणी काढून घेऊ नये, कारण दमा आटोक्यात असणे हेच आमचे पहिले काम. तिसरी, केसपेपरवर आपण तापमान लिहितो ते रुग्णाचे. मार्च ते जून या महिन्यांत त्याखाली त्या दिवशीचे शहराचे तापमानही लिहावे. पाच वर्षांत आपल्या हाती आपल्या गावाची, आपल्या मुलांची नोंद येईल आणि महापालिकेपुढे ती ठेवता येईल.

यातून जगाचे उत्सर्जन किती घटेल, असे कोणी विचारले तर उत्तर आहे: नगण्य. परंतु पल्स पोलिओच्या रविवारी दोन थेंब पाजताना, या दोन थेंबांनी जगातला पोलिओ किती घटेल, असे आपण कुणी विचारले नव्हते. एकही घर सुटता कामा नये, एवढेच आपण जाणत होतो. सुटलेल्या घरावर आपण बहिष्कारही घातला नाही. पुढच्या फेरीत पुन्हा त्याच दारी गेलो. २०११च्या जानेवारीनंतर आपल्या देशात रानटी पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही.

अमेरिकेच्या बाबतीतही मला हेच वाटते. पॅरिस करारात परतीची वाट सोपी ठेवलेली आहे. पत्र दिल्यापासून तीस दिवसांत देश पुन्हा आत येतो, मागचा दंड कोणी मागत नाही. २०२१ मध्ये तो देश असाच परत आला होता आणि पुन्हा येईल असे मानायला जागा आहे. त्या दिवशी त्याला टोमणे मारण्यात वेळ घालवू नये, कारण मधल्या वर्षांत दुखणे पुढे गेलेले असेल. त्या मुलीला आजोबा मध्यरात्री परत घेऊन आले, तेव्हा वॉर्डात एकच खाट रिकामी होती. दुपारीच एका ओळखीच्या रुग्णासाठी ती मागितली गेली होती. सरांनी दिली नव्हती. का दिली नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही.